धुतलेली सळई

सळईमावशीची आणि माझी ओळख मी तिला चोर समजलो म्हणून झाली. मंठ्याजवळच्या आमच्या सासुरवाडीच्या गावात मी नुकताच भूगोलाचा शिक्षक म्हणून बदलून आलो होतो. सासऱ्यांनी सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या नावावर चार एकर रान करून दिलं होतं. ते जणू मीच मिळवलं आहे अशा थाटात मी रोज सकाळी तिथे एक चक्कर मारायचो. एके सकाळी पाहतो तर एक उंच, काटकुळी म्हातारी रानाच्या मधोमध उभी. हातात लोखंडी सळई, आणि ती जमिनीत खुपसणं चाललेलं. माझ्या डोक्यात एकदम गुप्तधन आलं. बांधावरूनच ओरडलो, "ओ बाई! काय शोधताय आमच्या रानात?"

तिने मान वर केली नाही. सळईवर भार देत म्हणाली, "तुमची वल शोधून राह्यले, जावाईबापू. हरवली हाय."

घरी येऊन मी हे तावातावाने सांगितलं, तेव्हा सुमन हसून हसून चुलीपाशी खाली बसली. "अहो, ती सळईमावशी! आमचे बाबा तिला विचारल्याबिगर पेरणीची तिफण बाहेर काढत नव्हते. आणि तुम्ही तिला चोर म्हणालात?" मी चोर असा शब्द वापरला नव्हता, हे मी दोनदा सांगितलं. पण गावाने ती गोष्ट पुढे पाच वर्षं माझ्या तोंडावर, जावई म्हणून मान देत देत, सांगितली.

ओलीला आमच्याकडे वल म्हणतात. पाऊस पोरं मोजतात, आणि मोठी माणसं वल मोजतात, असं मावशीचं म्हणणं. तिची सळई कमरेइतकी होती. बांधकामातून उरलेलं लोखंड, वर धरायला आडवी मूठ, आणि खालपासून दर वितीवर लोहाराकडून पाडून घेतलेली एकेक खाच. सळई रेटायची, अर्धा फेरा द्यायचा, सरळ वर ओढायची. प्रत्येक खाचेत त्या त्या खोलीची माती अडकून यायची. मग मावशी एकेका खाचेत अंगठा घालून डोळे मिटायची. डॉक्टर नाडी धरतो तेव्हा आपण जसे गप्प बसतो, तसे शेजारी उभे असलेले बाप्ये गप्प बसायचे.

"वरची वल नव्या पावसाची," ती मला सांगायची. मी शिक्षक असल्यामुळे मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, असा तिचा समज होता आणि तो खरा होता. "खालची वल जुनी, रानानं जपलेली. आन मधी कोरड. वरचा पाऊस खाली उतरत उतरत त्या कोरडीला खाऊन टाकतो, आन वलीला वल मिळती. मिळाली का मंग पेरायचं. आधी पेरलं तर मोड जल्दी येतो, लई गोड दिसतो. पर मुळी खाली जाती, कोरडीला टेकती आन तिथंच बसती. दाराला आतून कडी लावल्यावानी."

माझ्याकडे शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक होता. मला त्याचा फार अभिमान. सकाळी ठरल्या वेळी मी तो बाहेर काढायचो, डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचो, आणि आकडा फळ्यावर अन् गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचो. खाली एखादं तज्ज्ञ वाक्यही. मावशी त्याला 'जावायाचा गिलास' म्हणायची. एकदा ती मुद्दाम शाळेत आली, त्या नळकांड्याभोवती फिरली, आत डोकावली आणि विचारलं, "ह्याला भेगा हाईत का?"

"नाही हो मावशी. भेगा असल्या तर पाणी गळून जाईल."

"मंग माझ्या रानाची बराबरी कशी करून राह्यला हा? माझ्या रानात हात जाईल एवढाल्या भेगा हाईत. आधी त्या पिणार. मंग ढेकळं पिणार. मंग राह्यलं तर पीक." सातवीचा वर्ग खिडकीला लोंबकळून ऐकत होता. त्या दिवशी मृदेतील आर्द्रता हा धडा शिकवताना माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं.

तिला हे कुठून आलं, याचं उत्तर तिच्या माहेरी होतं. माहेर म्हणजे गाव नव्हे, मेंढरं. तिचा बाप कळप घेऊन धावड्याच्या डोंगरापासून इकडे खालपर्यंत फिरायचा. लोक लेंडीखतासाठी आपापल्या रानात मेंढरं बसवायचे, आणि मेंढरांबरोबर ही पोरही तिथेच भुईवर झोपायची. आज या रानात, उद्या त्या. "ज्या रानात पहाटं पाठ गार पडती, त्या रानाला खालून वल हाय," ती म्हणायची. "ज्या रानात पाठ कोरडी, ते रान वरवरचं. माणसाचंबी तसंच." साऱ्या शिवारातली रानं तिला पाठीने ठाऊक होती. आमच्या चार एकरांविषयी तिचं मत असं, की निजायला झकास, पिकायला वंगाळ.

एकदा एका पावसानंतर तिने मला तीन रानांतून फिरवलं. वरची मुरमाड जमीन, मधली काळी, आणि ओढ्याकडची चिकट चोपण. प्रत्येक ठिकाणची मूठभर माती घेऊन लाडू वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. मुरमाडीचा लाडू वळलाच नाही, बोटांतून सांडला. काळीचा पडून फुटला. चोपणीचा फुटला नाही, शेणाच्या पोसारखा चपटा झाला. "पाऊस एक, रानं तीन," ती म्हणाली. "ह्यातलं कोणतं तुमच्या गिलासात पडलंय?" मी 'सरासरी' असा शब्द काढला. तिने तो शब्द दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतला आणि म्हणाली, "सरासरीत पेरत न्हाईत, जावाईबापू. मातीत पेरत्यात."

वलीची मोजणी ती माणसांनाही लावायची. कोणाचं लग्न जमतंय असं कळलं, की तिचा पहिला प्रश्न, "पोराची अन् पोरीची वल मिळाली का, का नुसता वरवरचा शिरवा?" आमच्या घरी चहाला आली, की सुमनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायची. एकदा म्हणाली, "तुमच्या दोघांची मिळाली हाय. मधी थोडी कोरड हाय, ती जावाईबापू लई बोलत्यात म्हून." सुमनने ते वाक्य जपून ठेवलं आहे. अजूनही वेळ पाहून काढते.

तिच्या घरात जपून ठेवलेलं म्हणजे एक मडकं. त्यात राखेत मिसळलेली तूर. बारीक, तांबूस, प्रत्येक दाण्यावर काळसर ठिपका. मेंढरं सोडून ती नांदायला आली, तेव्हा आईने पदराच्या गाठीत बांधून दिलेली. बाजारात अशी तूर मिळत नाही. दर साली मावशी ती पेरायची, दर साली निम्मं बी राखायची. पण अलीकडे पाऊस येतो तो महिनाभर तोंड दाखवत नाही, आणि आला की आठवड्यात सगळं ओतून जातो. लागोपाठ दोन सालं रानात पाणी साचलं आणि तूर उभ्या उभ्या उबळून गेली. राखलेल्या बियातून पेरलं, ते गेलं. पुन्हा पेरलं, तेही गेलं. मडक्याच्या तळाशी आता एक एकरभराला पुरेल एवढंच उरलं होतं, आणि तेही जुनं. "यंदा न्हाई लावली तर बी म्हातारं व्हईल," ती म्हणाली. "मंग शिजवून खायाची अन् विसरायची."

त्याच साली, पेरणीच्या तोंडावर, ती गोठ्याच्या उंबऱ्याला अडखळून पडली. खुबा मोडला. जालन्याला नेलं, आणलं, आणि ओसरीतल्या बाजेवर ठेवलं. जी बाई साठ वर्षं दुसऱ्यांची रानं टोचत फिरली, तिला स्वतःचं रान, चार हाकांवरचं, दिसेना.

पाऊस झाला. चांगला झाला. माझ्या गिलासाने तसं सांगितलं आणि मी तसं गटावर टाकलं. गावात तिफणी निघाल्या. मावशीचा मुलगा बाबू बाजेभोवती घिरट्या घालू लागला. तेव्हा तिने मला बोलावून घेतलं.

"जावाईबापू, माझी सळई घ्या अन् रानात जाऊन या. बाबूला धाडत न्हाई. त्याला पेरायची घाई झालीय, त्याला कोरडी मातीबी वली दिसंल. तुमाला त्यात कायी न्हाई, म्हून तुमी खरं सांगताल. खाली एक जागी घाला, मधी दोन जागी, वरच्या धुऱ्याला दोन. वरची शेवटची सळई तशीच माझ्याकडं घेऊन या. तशीच."

मला इतकं महत्त्वाचं काम आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. शाळेत तर नाहीच. मी गेलो. आता हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. त्या दिवशी मला मंठ्याला प्रशिक्षणाला जायचं होतं आणि पायात नवे पांढरे बूट होते. गाडी मी खालच्या बांधाशी लावली. रानात दोन पावलं टाकली तर बुटांना काळ्या मातीचे असे थर चढले, की मी चार बोटं उंच झालो. वरचा धुरा, म्हणजे रानाच्या उंच टोकाचा बांध, समोर दिसत होता. लांब नव्हता. पण त्या बुटांनी तो लांब होता. मी बांधाशीच वाकलो आणि सळई रेटली. खव्यात बोट जावं तशी ती मुठीपर्यंत आत गेली. मला इतका आनंद झाला, की दुसरी जागा पाहायची गरजच वाटली नाही. सगळ्या रानाचं पाणी उतरून त्या बांधाला येऊन थांबतं, हे मी फळ्यावर बाणांसहित काढून शिकवतो.

येताना हापशावर बूट धुतले, आणि त्याच पाण्यात सळईही धुतली. मागून आणलेली वस्तू घाण करून परत देऊ नये, असं आमच्या वडिलांनी शिकवलेलं. त्या सवयीने धुतली, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. 'तशीच' हा शब्द मी ऐकला होता.

मावशीने पडल्या पडल्या सळई हातात घेतली. पहिल्या खाचेत अंगठा घातला. दुसऱ्या. तिसऱ्या. सगळ्या खाचा रिकाम्या आणि गार.

"धुतली व्हय?"

"चिखल फार होता, मावशी."

"वरच्या धुऱ्याला घातल्ती?"

आपण खोटं बोलायचं ठरवत नाही. खरं बोलायला जो क्षण लागतो, तो निघून जातो, एवढंच. मी म्हणालो, "हो."

"मिळाली?"

"मिळाली."

ती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या कोणाला तिने हाकलून परत पाठवलं असतं. बाबूला तर सळईनेच हाणलं असतं. पण मी गावचा जावई. जावयाचा शब्द कोणी उलटा फिरवत नाही, आणि ते मला माहीत होतं. तिने सळई भिंतीला टेकवायला सांगितली आणि म्हणाली, "बाबू, मडकं काढ. जावायाचा शब्द हाय."

पेरणी झाली. दोनच दिवसांनी तिने अन्न सोडलं. छातीत कफ साठला होता, असं डॉक्टर म्हणाले. मी रोज जायचो. ती फार बोलायची नाही. एकदा विचारलं, "मोड दिसला का?" दिसला होता. बाबूने पळत जाऊन एक मोड मातीसकट आणून तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो नाकाशी नेला, बराच वेळ. मग म्हणाली, "वरच्या धुऱ्याचा हाय का?" बाबू म्हणाला, व्हय. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. जागा तिने आधीच सांगून ठेवली होती, तिच्याच रानाच्या वरच्या धुऱ्याला, बाभळीजवळ. तुरीच्या मोडांच्या दोन ओळी बाजूला काढून चौघांनी खणायला घेतलं. पहिली वीतभर माती काळी, मऊ, फावड्याला चिकटणारी. मग फावडं एकदम वाजलं. टिकाव घ्यावा लागला. हातभर जाडीचा थर, राखाडी, वाळून कडक झालेला. टिकावाच्या घावागणिक धूळ उडायची, इतक्या पावसात धूळ. त्याच्या खाली, पार खाली, पुन्हा गार काळी माती लागली. खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर तीन पट्टे स्पष्ट दिसत होते. मी वीस वर्षं फळ्यावर जी आकृती काढत आलो, ती मला पहिल्यांदा दिसली.

खणणारा एक जण उभा राहिला आणि घाम पुसत म्हणाला, "आरं, वलीला वल मिळालीच न्हाई की. पेरली कोनं ही?"

सगळ्यांना माहीत होतं. मातीला आलेली चाळीसेक माणसं, आणि त्यातल्या एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट पाहत होतो. कोणी तरी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाबू माझ्याजवळ आला. म्हणाला, "जावाईबापू, उन्हात कामून उभे हाव? सावलीला या." आणि त्याने मला हाताला धरून बाभळीखाली नेलं.

पुढे काय झालं ते लवकर सांगून टाकतो. पाऊस जो गेला तो पाच आठवडे फिरकला नाही. मोड टाचेएवढे झाले, पिवळे पडले आणि बसले. दाराला आतून कडी लावल्यावानी. खालच्या बांधाशी, मी सळई घातली होती तिथे, एक ओळ तेवढी तगली. तिला शेंगा धरतील की नाही हे आज सांगता येत नाही. बाबू रोज घागरीने पाणी घालतो. मी गटावर पावसाचा आकडा टाकणं बंद केलं आहे. आता फक्त मोजतो.

पण त्या दिवशीचं राहिलं. माती लोटताना बाबूने सळई तिच्या उशाकडे, खड्ड्याबाहेर, दोन्ही हातांनी रेटून उभी केली होती. सगळं झाल्यावर त्याने ती अर्धा फेरा देऊन उपटली आणि माझ्या हातात दिली. "आई म्हणल्ती, सळई जावायाला द्या."

"कधी म्हणाली?"

"तुमी धुऊन आणली त्या दिवशीच."

मी घरी आलो. मातीवरून आलेल्या माणसाला उंबरा ओलांडता येत नाही, म्हणून सुमनने अंगणातच पाण्याची बादली ठेवली होती. मी दगडावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. बूट, बांध, एकच जागा, हापसा, 'हो'. ती उभी राहून ऐकत होती. लहानपणी ती या मावशीच्या पाठीमागे रानारानातून फिरली होती. सांगून झाल्यावर काही तरी करायला हवं म्हणून मी तांब्या भरला आणि सळई पुढे ओढली. मातीवरून आलेली वस्तूही धुवायचीच असते. तिच्या खाचांत तिथली माती भरली होती. वर काळी, मध्ये राखाडी, तळाशी पुन्हा काळी.

सुमनने माझ्या हातातून तांब्या काढून घेतला.

"गावाचे तुम्ही जावाई असाल," ती म्हणाली, "माझे न्हाईत. अंगावर पाणी घ्या. ती तशीच राहू द्या."